साक्षीला कोण उभं राहणार?

सांगलीहून आलेलं पत्र. लिहिणारी ३४ वर्षांची, एका खासगी संस्थेत अकाउंट्स सांभाळते. तिची जोडीदार ३६ वर्षांची, मिरजेत फिजिओथेरपिस्ट. सहा वर्षं दोघी भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहतात. सोसायटीच्या लेखी त्या ‘मैत्रिणी’. आता चार माणसांसमोर एकमेकींची जोडीदार म्हणून उभं राहायचं दोघींच्या मनात आहे. एक मराठा घरातली, दुसरी जैन. देवधर्म दोघीही मानत नाहीत, त्यामुळे विधी नकोत. पण बरीच वर्षं रडून-भांडून शेवटी राजी झालेली पत्रलेखिकेची आई म्हणते, ‘करायचं तर रीतसर करा. भटजी बोलवा, भावकी बोलवा, अक्षता पडू देत. नाहीतर करूच नका, त्याला लग्न कोण म्हणणार?’ जोडीदाराला फक्त चार मैत्रिणी हव्यात, त्याही पुण्यात. तिच्या थोरल्या भावाचा निरोप आलाय : शेतीच्या हक्कसोडपत्रावर सही कर, मग कुणाबरोबर राहायचं ते राहा. पत्राच्या शेवटी विचारलंय, ‘कायद्यात ज्याला किंमत नाही असा समारंभ म्हणजे भातुकली नाही का? आणि आमच्या भागात असलं कधी कुणी केलंय का?’

प्रिय मैत्रिणी,

आधी हक्कसोडपत्राचं बोलते, कारण बाकी सगळं महिना-दोन महिने थांबू शकतं, हे नाही. जोडीदाराला आजच सांगा, सही करायची नाही. भावाने दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठीत बांधल्यात. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा देणारी दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झाली, आणि तो कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे. २००५ साली वडील हयात होते की नव्हते, याने फरक पडत नाही. मुलगी कुणाबरोबर राहते याचा तर त्यात संबंधच नाही. आणि तिने कुणाबरोबर राहावं याची परवानगी भावाच्या हातात मुळात आहेच कुठे, की त्याने तिच्या बदल्यात जमीन मागावी? हक्क सोडला की माहेर टिकतं, असं ऐकून आपल्याकडच्या किती बायकांनी कागदावर अंगठे उठवले ते तुम्हीही पाहिलं असेल. उद्या तिला मनापासून हिस्सा सोडावासा वाटलाच, तर स्वतःचा वकील गाठून, काय सोडतोय ते नीट समजून घेऊन सोडावा. तुमच्या समारंभाची किंमत म्हणून सोडू नये.

आता भातुकलीचं.

कायदा आज कुठे आहे हे स्पष्ट माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने दोन सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांना गुन्हा ठरवणारं जुनं कलमच नाही. लग्नाच्या बाबतीत मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना बसवायला नकार दिला, आणि हा प्रश्न संसदेकडे सोडला. त्यावरच्या पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. याचा अर्थ तुमची विवाहनोंदणी आज होणार नाही. नोटरीपुढे केलेला ‘विवाह करार’ही लग्न ठरत नाही. पैसे घेऊन सर्टिफिकेट काढून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातही उभं करू नका. पण माणसं जमवून, एकमेकींना शब्द देऊन, जेवण घालण्यावर कसलीही बंदी नाही. त्यासाठी कुठला अर्ज लागत नाही.

मग त्याला किंमत काय? मी तुम्हालाच विचारते, आपल्या भागात एखाद्या जोडप्याला लोक नवरा-बायको मानतात ते कशावरून? नोंदणीचा दाखला कुणी मागत नाही. तो बऱ्याच घरांत पासपोर्टची वेळ आली की काढला जातो. लोक मानतात, कारण ते मांडवात होते. त्यांनी पाहिलं, जेवले, आहेर केला. नंतर कधी त्या दोघांत बिनसलं, कुणी आजारी पडलं, कुणी कुणाला घराबाहेर काढलं, तर ‘आम्ही होतो तिथे’ म्हणत चारजण मध्ये पडतात. समारंभाचं खरं काम हे आहे. कायदा जे देतो ते समारंभ देऊ शकत नाही, आणि त्याची सोय कागदांनी करावी लागेल, त्याकडे येतेच. पण साक्षीदार कायदाही देत नाही. ते तुम्हालाच जोडावे लागतात. म्हणून भटजी की भटजीविना, सांगली की पुणे, या सगळ्याआधी मी एकच प्रश्न ठेवेन : साक्षीला कोण उभं राहणार?

‘आमच्या भागात कधी कुणी केलंय का’ या प्रश्नावर मला थोडं थांबायचंय. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच डिसेंबरात भटजीवाचून पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. दोन्ही सातारा जिल्ह्यातली. त्या पद्धतीत वधू आणि वर सगळ्यांसमोर एकमेकांशी बोलतात. ती हक्क मागते, तो वचन देतो. भटजीविना लागलेलं लग्न लग्नच नव्हे, असं तेव्हाही म्हटलं गेलं, प्रकरणं कोर्टापर्यंत गेली. मग १९४३ ते ४६ या काळात नाना पाटलांचं प्रतिसरकार आलं. कुंडल, वाळवा हा सगळा पट्टा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. त्या धामधुमीतसुद्धा हुंडा, मानपान, वाजंत्री यांना फाटा देऊन माणसांनी ‘गांधी लग्नं’ लावली. ही सगळी स्त्री-पुरुषांचीच लग्नं होती, हे मी लपवत नाही. पण लग्न लावायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न तुमच्याआधी याच मातीत विचारला गेलाय आणि त्याचं उत्तर ‘ज्यांचं लग्न आहे त्यांचा’ असं दिलं गेलंय. आईला एकदा सहज विचारा, तिच्या माहेरी किंवा आजोळी कुणाचं गांधी लग्न झालं होतं का. पुष्कळ घरांत निघतं. निघालं, तर ‘रीतसर’ म्हणजे काय यावर तुमचं बोलणं फार वेगळ्या जागेवरून सुरू होईल.

आईबद्दल तुमच्या पत्रात थोडा राग आहे. तो मला समजतो, पण पटत नाही. ज्या बाईने इतकी वर्षं घालवून हे स्वीकारलं, ती आता भावकी बोलवा म्हणतेय. अहो, ही केवढी मोठी उडी आहे! लपवा म्हणणाऱ्या आया मला पत्रांतून रोज भेटतात. बोलवा म्हणणारी क्वचित. तिला मंत्रच हवेत असं तुम्ही धरून चाललाय. मला वाटतं तिला वजन हवंय. उद्या हळदी-कुंकवाला, दळणाच्या रांगेत, बारशाला कुणीतरी तिला गाठून विचारणार आहे, आणि तेव्हा तिच्याजवळ एक धड उत्तर हवं. भटजी आले होते, अक्षता पडल्या, हे तिला माहीत असलेलं एकमेव उत्तर आहे. तुम्ही तिला दुसरं द्या. समोर बसून विचारा : आई, भटजी नसले तर तुला नेमकं काय चुकल्यासारखं वाटेल? कदाचित ती म्हणेल, तुझ्या अंगाला हळद लागली नाही. कदाचित म्हणेल, मामाने तुला हाताला धरून आणलं नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्हाला खुशाल करता येतील. हळद कुठल्या देवाच्या मालकीची नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात ती पोत्यांनी उतरते. केळवण, आहेर, पंगत, उखाणा, रुखवत यांतही पोथी लागत नाही. तुमची रेघ तिथे असू द्या जिथे तुम्हाला खोटं बोलावं लागेल. ज्या मंत्रांवर विश्वास नाही ते म्हणवून घेणं तुमच्यासाठी खोटं, आणि मनापासून पौरोहित्य करणाऱ्या माणसावरही अन्याय. शिवाय एक मराठा, एक जैन; विधी करायचे तर कुणाचे, हा वाद नव्याने उभा राहील. हे आईला असंच सांगा. ‘आम्ही देव मानत नाही’ यापेक्षा ‘तिच्या घरचं बाजूला सारून फक्त आपल्या घरचं करायचं नाही’ हे तिला लवकर पटेल.

आता पुणं. तुमच्या जोडीदाराला पुण्यात का करायचंय, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. विचारलंय का? भीतीपोटी असेल, तर ती भीती कशाची, हे सुटं करून बघा. भाऊ येऊन गोंधळ घालेल ही एक. मिरजेतल्या पेशंटांना कळेल ही दुसरी. फोटो कुणीतरी स्टेटसला टाकेल आणि तो गावापर्यंत पोचेल ही तिसरी. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांतला एकही पुण्याला जाण्याने पुरता होत नाही. पुण्यात तुम्हाला कुणी ओळखत नाही म्हणून निवांत वाटेल हे खरं, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगलीतल्या विश्रामबागेतच परतणार. तिथे पुन्हा तुम्ही ‘मैत्रिणी’. तरीही ती ठाम असेल, तर तिचं ऐका. सगळ्यात जास्त धोका जिला, तिचा शब्द शेवटचा. एवढ्यावर मात्र तुम्ही हट्ट करू नका.

माझं मत विचाराल तर सांगलीतच, पंचवीस-तीस माणसांत करा. तीनशेंची भावकीही नको आणि चारच मैत्रिणीही नकोत. यादी नात्याने करू नका, कामाने करा. रात्री दोन वाजता दवाखान्यातून फोन केला तर कोण येईल? घरमालकाने फ्लॅट सोडा म्हटलं तर तुमच्या बाजूने कोण बोलेल? आईला भावकीतलं कुणी टोचून बोललं तर तिथल्या तिथे कोण उत्तर देईल? ही नावं लिहा. आणि भावकीतली सात-आठ माणसं आईलाच निवडू द्या, जिच्यावर तिचा भरवसा आहे अशी एखादी चुलती, एखादा चुलतभाऊ. त्यांना निमंत्रण द्यायलाही तिलाच जाऊ द्या.

नाव लिहिण्याआधी माणूस कसा ओळखायचा? आपल्याकडे त्यासाठी केळवण आहेच. समारंभाच्या दीड-दोन महिने आधी जवळच्या दोन-तीन घरांत खरं काय ते सांगा आणि बघा कोण म्हणतं, ‘मग आमच्याकडे जेवायला कधी येताय?’ जे घर दोघींना एका पाटाशेजारी दुसरा पाट मांडून जेवू घालतं, ते साक्षीला येतं. जे गप्प राहतं त्याच्यावर रागावू नका, फक्त यादीत घालू नका. दोन वर्षांनी तेच घर बोलावेल, असंही होतं.

समारंभ तासाभराचा पुरे. संचालन करायला पुढारी नको, भाषणं तर नकोतच. तुम्हा दोघींना ओळखणारं आणि आवाज खणखणीत असलेलं माणूस हवं. सुरुवात आईने करावी. तिला लिहून देऊ नका, तिला जे बोलायचं ते बोलू द्या, दोनच वाक्यं बोलली तरी चालेल. मग सत्यशोधक पद्धतीसारखं तुम्ही दोघी एकमेकींशी बोला, सवाल-जबाबाच्या रीतीने. वचनं मोघम नकोत. ‘जन्मोजन्मी साथ देईन’ असलं काही नको, तुम्ही जन्मोजन्मी मानतच नाही. ‘तुझ्या आईचं म्हातारपण माझंही असेल.’ ‘पगाराचा आणि कर्जाचा हिशोब तुझ्यापासून लपवणार नाही.’ ‘तुला भीती वाटेल तिथे मी हात धरायचा हट्ट धरणार नाही, आणि तुला बोलायचं असेल तिथे मागेही ओढणार नाही.’ ‘वेगळं व्हायची वेळ आलीच तर तुला रस्त्यावर आणणार नाही.’ शेवटचं वचन अशुभ वाटेल काहींना. मला ते सगळ्यात जास्त गरजेचं वाटतं, कारण लग्नाच्या कायद्याने मिळणारं पोटगीचं संरक्षण तुम्हाला नाही.

मग जमलेल्यांना विचारा : तुम्ही या दोघींच्या पाठीशी राहाल का? त्यांनी मोठ्याने ‘हो’ म्हणायचं. हा क्षण वगळू नका, सगळा समारंभ याच्यासाठी आहे. एका वहीत प्रत्येकाने तारीख घालून सही करावी. अक्षतांऐवजी झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या. आणि उखाणे घ्याच. मी एक देते, बाकीचे तुमच्या मावश्या रचतील :

कृष्णा-वारणा भेटतात हरिपूरच्या काठी,
…चं नाव घेते आईच्या हट्टासाठी.

बारीकसारीक गोष्टी. हॉल लहान घ्या आणि मालकाला काय आहे ते आधी सांगा. ‘वाढदिवस’ म्हणून बुक केलेला हॉल ऐन वेळी हातचा गेला तर दिवस वाया जातो. ॲडव्हान्सची पावती घ्या. कुणाचा मळा मिळत असेल तर त्याहून उत्तम. जुलै-ऑगस्ट टाळा, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना कारण सांगायला नको. फोटो एकाच माणसाने काढावेत आणि स्टेटसला काही टाकू नये, हे निमंत्रण देतानाच सांगा, दारात सांगितलं की लोक दुखावतात. वेळ सकाळची ठेवा. जेवणात कांदा-लसूण आणि कंदमुळं नसलेली एक पंगत मांडा आणि ती दिवस मावळायच्या कितीतरी आधी उठू द्या. जोडीदाराच्या घरचं कुणी आलं, एखादी आत्या का होईना, तर तिला तिच्या नेमाप्रमाणे जेवता आलं पाहिजे.

कागद मात्र समारंभाच्या आधी करा. लग्नाच्या दिवशी मृत्युपत्र म्हटलं की आई उठून जाईल, म्हणून आठवडाभर आधीच. पण साक्षीदार त्याच तीस माणसांतले घ्या. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवलेली बरी. दोन साक्षीदारांसमोर सही हवी, आणि ज्याला मालमत्ता मिळणार तो साक्षीदार नसावा. मृत्युपत्र नसेल तर सगळं रक्ताच्या नातेवाइकांकडे जातं, सहा वर्षांचा संसार कायद्याला दिसत नाही. नुसतं नॉमिनेशन पुरत नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होतोच असं नाही. पीएफचे नियम आणखी वेगळे आहेत, तिथे कुटुंबातलं माणूस असताना बाहेरचं नाव चालत नाही, तेव्हा फॉर्म भरण्याआधी विचारून घ्या.

बँकेत जॉइंट खातं काढायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला अडचण नाही, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केलंय. शाखेत कुणी नाक मुरडलं तर ते पत्रक छापून समोर ठेवा. रेशनकार्डासाठीही अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावं, असं केंद्राने राज्यांना कळवलंय. भाडेकरारावर दोघींची नावं घाला आणि तो नोंदवून घ्या. दवाखान्यासाठी, शुद्ध नसताना माझ्या उपचारांबाबत हिच्याशी बोला, असं लेखी अधिकारपत्र प्रत्येकीने करून ठेवावं. मिरजेत काम करणाऱ्या तुमच्या जोडीदाराला अशा कागदाची किंमत मी सांगायला नको. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात तर साध्या कोऱ्या कागदावर सही करून कुणालाही आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतं. यासाठी वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे मोफत मदत मिळते आणि उत्पन्नाची अट नाही.

भावाने धमकी दिलीच, तर मेसेज पुसू नका, जपून ठेवा. समारंभाआधी एका वकिलाला सगळं सांगून ठेवा आणि त्या दिवशी त्यालाही जेवायला बोलवा. कुणी जोडीदाराला जबरदस्तीने घरी नेलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तर न्यायाधीशांनी तिच्याशी एकांतात बोलावं, तिची इच्छा काय ते ऐकावं, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नये, अशा मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिल्यात. गावाने वा समाजाच्या पंचांनी वाळीत टाकायची भाषा केली तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे.

कराडहून, साताऱ्याहून मला लिहिणाऱ्या काही मुलांच्या पाठीशी आई नाही, भावकी तर नाहीच. त्यांच्यासाठी इतकंच : तीस माणसं जमली नाहीत म्हणून थांबू नका. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, तेवढे मिळाले की सुरुवात झाली. खोली भाड्याची असेल, नोकरी कच्ची असेल, तर आधी कागद करा, समारंभ वर्षाने करा.

आणि तुमच्या आईला हे पत्र वाचून दाखवा. माझं सगळं तिला पटणार नाही, अक्षतांवर ती अडून बसेल असा माझा अंदाज आहे. तिला मला काही विचारायचं असेल तर तिने स्वतः लिहावं. तुमच्यामार्फत नको. तिचं पत्र मी सगळ्यात आधी उघडेन.